बारावं ताट

उकडलेल्या घेवड्याचा दाणा चमच्यात घ्यायचा आणि त्यावर हळूच फुंकर घालायची. साल सुटून मागे वळली, तर दाणा मडक्यात घालायला तयार. नुसतीच थरथरली, तर अजून पाच मिनिटं. त्या शनिवारी सकाळी हेस्टर कॉर्लिसनं फुंकर घातली, साल मागे वळली, आणि तिनं घड्याळ पाहिलं. सात वाजले होते. संध्याकाळी सातच्या आत बारा माणसं जेवायला बसली नाहीत, तर हे सभागृह गावाचं राहणार नव्हतं.

अकरा नक्की होते. बारावा… बाराव्याचं नाव आठवलं आणि तिनं काकवीची बरणी जरा जोरातच आपटली.

हा सगळा खटाटोप कॅप्टन व्हिटकोमचा. टार्बेल कोव्हमध्ये महिन्यातून एकदा तरी कुणी एकट्यानं जेवू नये, असं त्या म्हाताऱ्याच्या मनात आलं. चांगलं आलं. पण १८९३ साली गावाला जागा देताना त्यानं दानपत्रात अट घातली – दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी सातच्या आत, किमान बारा माणसांना इथे घेवडा वाढला जावा. वाढणारा मोजायचा नाही. एकदा जरी चुकलं, तर जागा आणि इमारत माझ्या वारसाकडे परत जावी.

तेव्हा गावात चारशे माणसं होती. आता अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात हिवाळा काढणारी सदतीस उरली होती, आणि त्यातल्या निम्म्यांना घेवडा पचत नव्हता. हेस्टर गावच्या कचेरीत दप्तर सांभाळायची आणि लोकांच्या सह्यांवर सरकारी शिक्का मारायची. ती रसायनशास्त्र शिकलेली होती, आणि मोजून मापून काम करते अशी तिची ख्याती होती. म्हणून घेवडाही तिच्याच गळ्यात पडला होता.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत असेच अकरा जमले होते. बाहेर बर्फाचं तांडव. सातला दहा कमी असताना दार उघडलं आणि भुवयांवर बर्फ साठलेला एक उंच माणूस आत आला.

"पुढचा रस्ता बंद आहे. इथे काही खायला–"

"बसा!" हेस्टरनं त्याला बाही धरून बाकावर बसवलं. "आधी बसा, मग बोला."

त्यानं ताटातल्या डोंगराकडे पाहिलं. "इतका आग्रह मला माझ्या आईनंसुद्धा कधी केला नाही."

"आग्रह कसला? अट आहे म्हणून. ही मेली अट नसती, तर मी जन्मात घेवड्याला हात लावला नसता! नाव सांगा, वहीत लिहायचंय."

"एबेन व्हिटकोम."

हेस्टरचा डाव हवेतच थांबला. "कॅप्टन व्हिटकोमचे…?"

"खापरपणतू. आता घराण्यात मी एकटाच. लाकडी होड्या दुरुस्त करतो. का?"

"आत्ता तुम्ही जेवला नसता, तर ही इमारत तुमची झाली असती."

त्यानं ताट तिच्याकडे सरकवलं. मग हळूच म्हणाला, "असं…? मग थोडा अजून वाढा."

तेव्हापासून तो दर पहिल्या शनिवारी येत होता. ज्याचा फायदा न येण्यात होता, तोच न चुकता येत होता! दुसऱ्या हिवाळ्यात दोघं एकमेकांना अरेतुरे करू लागले. तिच्या नकळत काळ्या पावाचा कडेचा तुकडा त्याच्यासाठी बाजूला राहू लागला. पण सही… सही काही होत नव्हती. हेस्टरनं त्याच्यासाठी हक्कसोडपत्र केव्हाच तयार ठेवलं होतं. आज त्याच्या हातात काहीच नव्हतं, होता तो नुसता उद्याचा 'कदाचित'. तो त्यानं कागदावर सोडून द्यायचा, एवढंच. कधी त्याच्या हाताला रोगण लागलेलं असायचं, कधी चष्मा विसरलेला असायचा.

"पुढच्या महिन्यात," तो म्हणायचा.

आणि मग एप्रिलमध्ये, भांडी पुसता पुसता, त्यानं तिला लग्नाचं विचारलं.

हेस्टरला हो म्हणायचं होतं. पण तोंडून निघालं ते वेगळंच. "आधी सही. मग उत्तर."

त्यानं पातेलं पुसून जागेवर ठेवलं. मे गेला, जून गेला. घेवडा, पाव, हवापाणी… सगळ्यावर बोलणं व्हायचं, त्या एका गोष्टीवर नाही. आता नोव्हेंबर आला होता. छप्पर इतकं गळत होतं, की डिसेंबरपासून सभागृहाला टाळं लागणार होतं. दुरुस्तीला सरकार मदत द्यायला तयार होतं, पण जागा पूर्णपणे गावाची असेल तरच. आणि कागद सोमवारी पोचायला हवे होते. टाळं लागलं, की जेवण चुकणार. जेवण चुकलं, की सगळं एबेनचं.

"अकरा," सातला वीस कमी असताना ओरिनकाकांनी पेन्सिलीनं वहीत टिंब दिलं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे ओरिनकाका गेली चाळीस वर्षं माणसं मोजत होते. "तुझा तो आला नाही गं अजून?"

"माझा कुठला तो, काका? गळक्या छपराखाली बसून काहीतरीच काय बोलता!"

"बरं, तुझा नाही. पण खिडकीकडे किती वेळा बघशील? मान अवघडेल पोरी."

बाहेर थंडगार पाऊस काचेवर तडतडत होता. बादलीत छपराचे थेंब टपटपत होते… मिनिटाला चौदा. हेस्टरनं मोजले होते. सातला आठ कमी असताना दार उघडलं. एबेन नखशिखान्त भिजलेला होता, बुटांतून पाणी वाहत होतं.

"पुलावर पाणी आलंय. दोन मैल चालत–"

"आधी बस!" ती ओरडली, आणि आवाज फाटला म्हणून स्वतःवरच चिडली. "अक्कल आहे का? वाहून गेला असतास म्हणजे?"

"मग गावाचं सभागृह गेलं असतं."

"खड्ड्यात गेलं सभागृह!"

अकरा चमचे थांबले. हेस्टरनं त्याच्यापुढे ताट आपटलं, पावाचा कडेचा तुकडा ठेवला आणि शेजारी तो कागद ठेवला.

"बारा," ओरिनकाका म्हणाले.

"सात महिने झाले, एबेन. सही का करत नाहीस? हवंय का तुला हे भोकांचं छप्पर?"

"नकोय." त्यानं भिजलेली टोपी काढली. "सही केली आणि तू हो म्हणालीस, तर ते हो कुणाला…? मला, की छपराला? मला जन्मभर कळलं नसतं गं. कॅप्टननं गावाला अट घातली, तू मला घातलीस. अट पाळून मिळालेलं माणूस… मला नको होतं."

हेस्टरला त्याच्या बोलण्यात चूक सापडत नव्हती. चिडायला जागाच उरली नव्हती, आणि त्याचाच तिला भयंकर राग आला.

"पेन दे," तो म्हणाला.

"काय?"

"सोमवार तोंडावर आलाय. छप्पर माझ्यासाठी थांबणार नाही. आणि एप्रिलमध्ये विचारलं होतं ते मी परत घेतो. तुझ्याकडे माझं कसलंही उत्तर बाकी नाही. दे पेन."

त्यानं सही केली. आता कायद्याप्रमाणे हेस्टरनं त्याला मोठ्यानं विचारायचं होतं आणि त्यानं मोठ्यानं सांगायचं होतं. तिनं शिक्का हातात घेतला.

"ही सही तू… कुणाच्या दबावाखाली नाही, स्वखुशीनं केलीस?"

"स्वखुशीनं."

तिनं शिक्का उमटवला. सव्वाशे वर्षांपेक्षा जुनी अट संपली. बादलीत थेंब पडत राहिले. एबेननं चमचा उचलला.

"परत घेतलंस?" हेस्टर म्हणाली. "सात महिने मी रोज उत्तर जुळवत बसले, आणि तू प्रश्नच परत घेतलास?"

"तू म्हणालीस–"

"मी काय म्हणाले ते मला ठाऊक आहे! चुकलं माझं. झालं समाधान?" तिनं ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. "काका, लिहून घ्या वहीत."

"काय लिहू?"

तिनं एबेनकडे पाहिलं. त्याच्या भुवयांवरून पाणी ओघळत होतं, आणि तो घास घ्यायचा विसरला होता.

"लिहा… पुढच्या पहिल्या शनिवारीही मी घेवडा करणार आहे. बारा येवोत, नाहीतर एकटा हा येवो. आणि मी, हेस्टर कॉर्लिस, या माणसाशी लग्न करणार आहे. त्यानं विचारलेलं नसताना. स्वखुशीनं."