टोपीखालचा कॅमेरा

दुकानात माणूस एकही नव्हता. कॅमेरे मात्र अकरा होते. पांढरे, काळे, एक तर अंड्याएवढा, आणि अकराच्या अकरा भिंगरीकडे बघत होते.

भिंगरी म्हणजे पूल बांधणारी इंजिनीअर. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त आहे, ऑफिसच्या दारावर त्याची पाटीसुद्धा आहे. पण लहानपणापासून एका जागी बसणं ठाऊक नाही, म्हणून बाबांनी भिंगरी नाव ठेवलं आणि तेच चिकटलं. आत्ताही ती कामावरून तडक आली होती. पायात धुळीने माखलेले बूट, केसांच्या गाठीत खोचलेली पेन्सिल.

"कोणी आहे का?"

उत्तर नाही. मग एकटे असलो की आपण सगळेच जे करतो, ते तिने केलं. समोरच्या पांढऱ्या कॅमेऱ्याच्या काचेत स्वतःला न्याहाळलं, बटा मागे सारल्या, भुवया उडवून बघितल्या आणि कोण बघतंय म्हणून चक्क जीभ काढून दाखवली.

"कपाळावर सिमेंट लागलंय," कॅमेरा म्हणाला.

भिंगरी ताडकन उडाली!

"डावीकडे... अहं, तुमच्या डावीकडे."

मागचा पडदा सरला आणि हातात मोबाइल धरून एक उंच तरुण बाहेर आला. चेहरा अगदी गंभीर ठेवला होता त्याने, पण गालावरची खळी काही ऐकायला तयार नव्हती.

"असं चोरून बघतात का लोकांकडे?" कपाळ पुसत भिंगरी फणकारली.

"चोरून कुठे? दारावर एवढी मोठी पाटी आहे, आत कॅमेरे चालू आहेत म्हणून. कॅमेऱ्याच्या दुकानात दुसरं काय चालू असणार?"

तिला हसू आलं. तिने ते दाबलं. ते पुन्हा आलं.

"मला तो द्या," तिने फळीकडे बोट केलं. "गरगर फिरणारा. सायरनवाला. असे तीन."

"बापरे! चोर पकडायचाय?"

"वडील."

"वडील पकडायचेत?"

आता मात्र तिला हसता येईना. तिने सांगितलं, भरभर, एका दमात, जसं मनातलं ओझं सांगतात तसं. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. आता दुकान बंद केलंय, पण घरात टेबलभर घड्याळं आहेतच. महिन्यापूर्वी भिंतीवरचं घड्याळ काढायला स्टुलावर चढले आणि पडले. हाड मोडलं नाही, पण उठता येईना. ती संध्याकाळी घरी पोचेपर्यंत दोन तास स्वयंपाकघराच्या फरशीवर पडून होते. आणि आता तिला पत्र आलं होतं. दरीवरचा पूल, पहिल्यांदाच सगळा तिच्या एकटीच्या हाताखाली, पण दिवसभराच्या प्रवासाइतका लांब. आठ महिने. आठ-नऊ दिवसांत उत्तर द्यायचं.

"हो म्हणायला मन होत नाही," ती म्हणाली, "आणि नाही म्हणायला जीभ उचलत नाही. तिथे बसून मोबाइलवर बाबा दिसले, तरच मी जाईन."

कॅमेरेवाल्याच्या गालावरची खळी नाहीशी झाली. त्याने स्टूल पुढे केलं, आणि तो एकदम डॉक्टरसारखा प्रश्न विचारायला लागला.

"घरी वायफाय?"

"बाबांना लागत नाही."

"मग हा नको, हा पण नको." त्याने खोकी भराभर बाजूला केली. "हा बघा. ह्याच्या पोटात सिमकार्ड बसतं, फोनसारखं. वायर नाही, प्लग नाही. बॅटरी महिनाभर जाते. खोलीत काही हललं की तुमच्या मोबाइलवर निरोप येतो."

"पण हा फिरत नाही."

"फिरणाऱ्याचा घर्रर्र आवाज होतो. घड्याळजींचा कान तो! दिवसभर आपल्या मागे कोणी मान वळवतंय हे त्यांना आवडेल?"

"बरं, सायरन?"

"ते पडले, तर भोंगा वाजवून आणखी दचकवायचं?"

भिंगरीने सायरनचा नाद सोडला. भिंगरीने नाद सोडणं ही तशी दुर्मीळ गोष्ट, त्याला बिचाऱ्याला ते माहीत नव्हतं.

"आणि तीन नकोत, एकच पुरे. नीट जागा सापडली पाहिजे." तो खोक्याच्या पाठीवर तिच्या घराचा नकाशा काढू लागला.

"अहो, हे दार आहे? ह्यातून हत्ती जाईल!" तिने खोकं ओढून घेतलं, केसांतली पेन्सिल काढली आणि सरसर रेघा मारायला लागली. गाठ सुटली, केस खांद्यावर आले. वर बघते तर तो पुढचा प्रश्न विसरून उभा.

"काय बघताय?"

"दार," तो म्हणाला. साफ खोटं.

मग त्याने आपली अट सांगितली. ज्याच्यावर कॅमेरा लावायचा, त्याने स्वतःच्या तोंडाने हो म्हटल्याशिवाय तो विकत नसे. आठ दिवस घरात ठेवून बघायचा. आठव्या दिवशी तो स्वतः जाऊन विचारणार. नको म्हणाले, तर कॅमेरा उचलायचा आणि विषय संपला.

"असा धंदा चालतो?"

"रडतखडत," तो म्हणाला, आणि खळी परत आली.

घरी पोचल्यावर भिंगरीच्या लक्षात आलं, पेन्सिल तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी तो कॅमेरा घेऊन घरी आला, तेव्हा बाबांनी त्याला दारातच झापलं.

"मी काय तिजोरी आहे? माझ्यावर कसला पहारा?"

"काका, आधी हातात घेऊन तरी बघा."

बाबांनी डोळ्याला भिंग लावलं आणि कॅमेरा उलटासुलटा करून पाहिला. "स्क्रू चांगले बसवलेत," ते नाइलाजाने म्हणाले. आणि मग काय! अर्धा तास दोघं स्क्रूंवर बोलत बसले. भिंगरी चहाचे कप घेऊन उभी, तिच्याकडे कोणी बघेना. म्हणजे बाबा बघेनात. तो बघत होता, दर दोन स्क्रूंनंतर.

"ते सगळं ठीक आहे," बाबा शेवटी म्हणाले, "पण मला नको असेल तेव्हा? माणसाला कधी नाक कोरावंसं वाटतं."

भिंगरी तेव्हा खिडकीपाशी उभी राहून सुटलेली गाठ बांधत होती. तिच्याकडे बघत बघतच तो म्हणाला, "टोपी घाला त्याच्यावर. काही दिसणार नाही."

बाबांना ते फार पटलं. त्यांनी लगेच आपली लोकरी टोपी खुंटीवरून काढून कॅमेऱ्यावर चढवून पाहिली. करार ठरला. टोपी असली की भिंगरीने फोन बाजूला ठेवायचा. दोघा बापलेकींनी हातावर टाळी दिली आणि कॅमेरा बुटक्या कपाटावर जाऊन बसला.

त्यानंतरचे दिवस मोठे मजेत गेले. भिंगरी ऑफिसात बसायची आणि फोन थरथरायचा. 'हालचाल आढळली.' उघडून बघावं तर बाबा चहा करतायत. बाबा कॅमेऱ्यासमोर कागद धरून उभे. कागदावर ठळक अक्षरांत, 'जेवलो. तू कामाला लाग.' कधी टोपी दिसायची, मग ती निमूटपणे फोन उलटा ठेवायची. करार म्हणजे करार.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर बाबांच्या शेजारी एक कोपर दिसलं. मग खांदा. मग खळी. तिने तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

"आमच्या घरी काय करताय?"

पडद्यावरचा तो दचकला, कॅमेऱ्याकडे वळला आणि कॉलर सारखी करत फोनवर म्हणाला, "कोन तपासायला आलोय."

"कोन अडीच अंशांनी चुकलाय."

"अडीच? मोजला कसा?"

"खिडकीच्या चौकटीवरून. मी पूल बांधते, विसरलात?"

"मग उद्या पुन्हा यावं लागेल..."

"उद्या मी पाचला घरी असते."

"मी पाचलाच येणार होतो," तो घाईघाईने म्हणाला.

तो पाचला आला. परवाही आला. तिघं चहा पीत, तो नि बाबा घड्याळं उघडत, ती नि तो दारापर्यंत बोलत जात आणि दारात उगीचच दहा मिनिटं उभी राहत. तिला तो आवडला होता. आता लपवायचं कशाला, खूप आवडला होता! पण तो काही बोलेना, दर वेळी "बरं... येतो" म्हणून जायचा. आणि ती तरी काय बोलणार? आठ महिन्यांसाठी जाणाऱ्या माणसाने कोणाला कशाला जीव लावायचा?

आठवा दिवस उजाडला. उत्तर द्यायचीही तीच शेवटची तारीख. भिंगरी ऑफिसात पत्र समोर घेऊन बसली होती. बाबा काय म्हणणार, ह्यावर सगळं अडलं होतं. चार वाजता फोन थरथरला.

पडद्यावर बाबा, मागे तो. बाबांनी थेट कॅमेऱ्याकडे बघितलं, खुंटीकडे हात नेला आणि टोपी चढवली.

पडदा काळा झाला. नको म्हणाले! संपलं सगळं. आता फोन ठेवायला हवा होता, पण हात हलेना. आणि त्या काळ्या पडद्यातून बाबांचा आवाज आला.

"बस. आता ती बघत नाहीये."

अहो, टोपीने डोळे झाकले जातात, कान नाही! ह्याच कॅमेरेवाल्याने पहिल्याच दिवशी कॅमेऱ्यातून बोलून तिला उडवलं होतं. पण टोपी सुचवताना त्याचं चित्त कुठे होतं, ते आपण पाहिलंच आहे.

"कॅमेरा राहू दे," बाबा सांगत होते. "आवडलाय म्हणून नाही. ते दोन तास तिच्या डोक्यातून जात नाहीत. माझ्याही जात नाहीत रे. फरशीवर पडून मी घड्याळाचे ठोके मोजत होतो. तिने बिनघोर जावं, पूल बांधावा. झालं माझं. आता तुझं."

"माझं काय?"

"आठ दिवसांत पाचव्यांदा आलास. आधी कोन, मग सिग्नल. परवा म्हणालास, वायर तपासायचीय. अरे, ह्याला वायर आहे कुठे?"

खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"काका... मला ती आवडते." आवाज इतका हळू, की भिंगरीने फोन कानाला घट्ट धरला. "दुकानात जीभ दाखवली ना, तेव्हापासून. तिची पेन्सिल माझ्याकडेच आहे. रोज खिशात घालून आणतो आणि रोज परत नेतो."

"मग सांग की तिला!"

"कसं सांगू? आजच उत्तर द्यायचंय तिला. मी बोललो आणि ती थांबली, तर तिचा पूल माझ्यामुळे गेला. आणि नाही थांबली..."

"तर?"

"तर काय... आठ महिने इथे येऊन तुमच्याबरोबर चहा पीन."

भिंगरीचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी तिला हसूही फुटलं. शेजारच्या टेबलावरची बाई वळून बघायला लागली. बघू दे! भिंगरीने आधी पेन उचललं, पत्रावर 'येत आहे' लिहिलं, झोकात सही ठोकली. मग मोबाइलवरचं माइकचं बटण दाबलं.

"माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं नाही ना?" टोपी म्हणाली.

तिकडे धाडकन खुर्ची पडली.

"आयला! ह्याला कान पण आहेत?" बाबा ओरडले.

"टोपी काढा, बाबा. मला बघायचंय."

पडदा उजळला. बाबा पोट धरून हसत होते. मागे तो उभा होता, कानाच्या पाळीपर्यंत लाल. शर्टाच्या खिशातून तिची पेन्सिल डोकावत होती.

"आत्ता सही केली," भिंगरी म्हणाली. आता थांबायची ती नव्हती. "मी जातेय. तुझ्यासाठी थांबत नाहीये, ऐकलंस? तेव्हा ती एक भीती गेली. आता मला विचारायचंय. आठ महिने... थांबशील माझ्यासाठी?"

तो कॅमेऱ्याच्या इतका जवळ आला, की पडद्यावर नुसतं नाक आणि खळी.

"थांबेन," तो म्हणाला. "आठ काय, अठरा महिने थांबेन. पण हे बरोबर नाही. तू मला बघतेस, मला तू दिसत नाहीस. आत्ता काय करतेयस?"

"जीभ दाखवतेय." आणि तिने खरंच दाखवली, रडता रडता, सगळ्या ऑफिसादेखत.

"थांबेल गं तो!" मागून बाबा म्हणाले. "बॅटरी महिनाभर जाते म्हणे. घड्याळजी असलो तरी मला काही बॅटरी बदलता येत नाही. ती बदलायला येणार कोण?"

"महिन्याने कशाला?" तो म्हणाला. "रोज येतो."

"तिथेच थांब," भिंगरी म्हणाली. "कुठे हलू नकोस. मी निघाले."

पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवून ती जिना उतरली, एकेक सोडून पायऱ्या. पिशवीत फोन थरथरत होता. 'हालचाल आढळली. हालचाल आढळली.' तो एका जागी थांबलेला दिसत नव्हता. तिने फोन काढून बघितला नाही, कारण दहा मिनिटांत ती स्वतःच दारात पोचणार होती.