कोपऱ्यातला कोबा

बसा जवळ. मितेश, तो मोबाईल बंद कर आधी. ही गोष्ट आमच्या भिकाजी गवंड्याची, आणि तो काही पुड्या सोडणारा माणूस नव्हे.

जामसंड्याच्या शंकरच्या जुन्या घरात मागच्या खोलीचा कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, एकाच कोपऱ्यात दोनदा फुगून फुटला. दोन्ही वेळा काम भिकाजीचंच. शंकर त्याच्या अंगणात येऊन ओरडला, "खारी रेती घातलंस तू! आता गावभर सांगतलंय." तिसऱ्यांदा फुटला असता, तर भिकाजीला कुणी साधी चूल बांधायलाही बोलावलं नसतं.

तो हत्यारं घेऊन गेला. ओल वर येते का बघायला रात्रभर प्लॅस्टिक चिकटवून ठेवलं. सकाळी खालून कोरडं ठणठणीत. मग हातोडीने जमीन वाजवली. सगळीकडे टणटण, त्या कोपऱ्यात मात्र बद्द.

"खणून बघूया," भिकाजी म्हणाला.

"चार बोटांच्या खाली जाव नको," शंकर म्हणाला.

"कित्याक?"

"सांगलंय तेवढा कर."

भिकाजीच्या मनात पाल चुकचुकली. ही खोली शंकरच्या विधवा वहिनीची, मथुराबाईची. तिला सिमेंट नको होतं. ती आपली शेणाने जमीन सारवायची. गेल्या पावसाळ्यापासून ती कुणाला दिसली नव्हती, आणि ती दिसेनाशी झाली त्याच आठवड्यात शंकरने घाईघाईने पहिला कोबा घालून घेतला होता.

"मथुरावयनी खंय आसत?"

"भावाकडे. मुंबयक." शंकर जमिनीकडे बघतच बोलला.

भिकाजीने चार बोटंच खणलं, नदीची रेती त्याच्यासमोर धुतली, कोबा घातला, थापीने घोटून गुळगुळीत केला. खोलीला दार एकच. त्याला कुलूप ठोकून किल्ली खिशात टाकली. "आज मी हयच निजतंय. कोण फोडता ता बघतंय," म्हणत तो उंबऱ्याबाहेर आडवा झाला. संशय शंकरचाच. शंकर पलीकडे ओसरीवर. त्यालाही झोप नव्हती.

मार्गशीर्षातली अमावास्या. पावणेदोन वाजले होते.

आत आवाज आला. सर्र... सर्र...

ओसरीवर शंकर खोकला. म्हणजे तो बाहेरच होता.

मग आत...?

सर्र... ओल्या शेणाचा वास आला. आवाज दारापाशी होता. मग लांब गेला. आणखी लांब... कोपऱ्यात.

थांबला.

भिकाजीने ओसरीकडे पाहिलं. शंकरने दोन्ही कान घट्ट दाबून धरले होते...

उजाडलं तेव्हा कुलूप जसंच्या तसं. कोबा फुटला नव्हता. नखही रुतू नये इतका कडक झाला होता. पण त्यावर सारवणाचे फराटे उमटले होते, बोटांच्या अर्धगोल रेघा.

"भिकाजी, रेती बरी होती," शंकर हळूच म्हणाला. "ह्या कोणाक सांगू नको."

भिकाजी थापी तिथेच टाकून घरी आला.

आता बघा पोरांनो, सारवणारी बाई आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात करते आणि मागे मागे सरत दाराने बाहेर पडते. त्या रेघा दाराशी सुरू झाल्या होत्या. बद्द वाजायचं त्या कोपऱ्यात जाऊन संपल्या होत्या. परत येणारं पाऊल कुठेच नव्हतं.