शंभर पोती भरेस्तोवर

किरणांचे पैसे सरकारी योजनेतून देऊ, भुलीचे नाही, हा नियम थंड खोलीत बसून लिहिणाऱ्यांनो, तुम्ही कधी पाच वर्षांचं लेकरू मांडीवर घेतलंय? डोक्यातल्या गाठीवर किरणं द्यायची, तर ते लेकरू भुलीशिवाय पाषाणासारखं निश्चल पडेल कसं? तुमच्याच निर्दयतेपायी त्या दुपारी बजाजनगरच्या दोन खोल्यांत आकांत उसळला!

सुलेखा कंपनीतून लवकर परतली आणि दारातच थिजली. पलंगावर तिची श्रेया उताणी, तोंडावर पिठाची चाळणी, ती ओढणीनं आवळलेली… आणि सासू द्वारकाबाई दाराआडून आकडे मोजत होती.

सुलेखानं चाळणी भिरकावली. सात दिवस रोज सकाळी उपाशीपोटी भूल घेऊन कोमेजलेलं तिचं लेकरू, आणि म्हातारीनं त्याचा असा खेळ मांडावा! तोंडाला येईल ते बोलली, आणि शेवटी म्हणाली,

"आत्याबाई, उद्याच्या गाडीनं लासूरला जा. माझ्या पोरीजवळ तुम्ही नको."

द्वारकाबाईचं अंतःकरण विदीर्ण झालं. डॉक्टर म्हणाले होते, पोरगी आपणहून निश्चल पडून राहिली तर भूल लागणार नाही. पण तोंडावर घट्ट जाळीचा मुखवटा, आणि खोलीत एकटं लेकरू! लासूर स्टेशनच्या बाजारात मापारी नवऱ्यासोबत तिनं उभी हयात धान्याची मापं मोजलेली. मापारी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. तीच सावकाश मोजणी तिनं नातीला लावली होती. शंभर पोती भरेस्तोवर हलायचं नाय! जमेल की नाही कुणास ठाऊक, म्हणून सुनेला खोटी आशा दाखवली नव्हती… एवढाच तिचा अपराध. दुसऱ्या दिवशी पहाटेच पिशवी उचलून ती लासूरला गेली.

आणि त्याच सकाळी दवाखान्यात सुई पाहून श्रेयानं हात मागं ओढला.

"सुई नको. आजीला मोजू द्या, मी हलत नाय."

मग तिनं आईला सगळं सांगितलं. चाळणी म्हणजे मुखवटा, आजी उभी राहते ते दार म्हणजे इथलं जाड दार… सुलेखानं तिथूनच लासूरला फोन लावला. दोन तासांत द्वारकाबाई हजर!

जाड दार मिटलं. बाहेर माइकसमोर म्हातारीचा धीरगंभीर स्वर… "लाभ… दोन… तीन…" पडद्यावर यंत्र फिरत होतं. साठाव्या पोत्याला श्रेयाचा अंगठा हलला… पण तेवढंच! शंभर झाले, आणि सुलेखा सासूच्या पायांवर कोसळली.

"आत्याबाई, माझं थोबाड फोडा."

"फोडते की. आधी पोरीला दूध पाज, उपाशी हाय ती."

त्या दिवसापासून अठरा वेळा अशीच शंभर शंभर पोती भरली!

शेवटच्या दिवशी सुलेखानं बिल वाचलं. किरणं पंचवीस वेळा. भूल, तीही पंचवीस वेळा! खिडकीतला माणूस मान वर न करता म्हणाला, मावशी, पॅकेज असतं, असंच लागतं. सुलेखानं पिशवी खाली ठेवली आणि सासूला खेटून उभी राहिली. द्वारकाबाईनं कागद परत आत सरकवला.

"सात दिवसांची भूल मला मान्य हाय. बाकीचे अठरा दिवस माझी नात टक्क जागी व्हती, अन् मी मोजत व्हते. मग साहेब, ती अठरा दिवसांची भूल दिली कुणाला? त्याचं नाव सांगा. मी इथंच उभी हाय."