व्हॅनची राखण

ज्याला खोटं वाटेल त्यानं खुशाल खोटं समजावं.

पण मी यॉर्कशायरात, हॅलिफॅक्समध्ये बरीच वर्षं राहतेय. आमच्या घराचा जिना रसेल ग्रीनवुडनं बसवलाय. आणि जे पुढे सांगतेय ते त्यानं आमच्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं. समोरचा चहा गार झाला तरी त्यानं कपाला हात लावला नव्हता.

रसेल थापा मारणाऱ्यांतला नाही.

डिसेंबरचे दिवस होते. दुपार संपते ना संपते तोच अंधार पडायचा. रसेल सुतारकाम करतो. पन्नाशी उलटलेली. त्या दिवशी फळ्या घ्यायला तो वखारीत गेला आणि व्हॅन बाहेरच्या आवारात लावली.

फळ्या निवडून बाहेर येईपर्यंत काम झालं होतं.

व्हॅनचं बाजूचं दार कुणीतरी वरून खाली सोलून काढलं होतं. डब्याचं झाकण सोलावं तसं. आतली ड्रिल, करवती, रंधे, सगळं गेलं. वडिलांच्या पटाश्यासुद्धा.

एक झाडू तेवढा ठेवला होता.

"बघ, माणसं किती भली आहेत," शेजारचा टेरी म्हणाला. टेरी नळाची कामं करतो. "झाडलोट तरी करत बस म्हणाले."

रसेलला हसू आलं नाही. पुन्हा असं झालं तर धंदाच बंद करायचा, असं त्यानं बायकोला सांगून टाकलं.

"आणि मग?" मॅक्सीन म्हणाली. "दिवसभर माझ्या पायात पायात करशील? गप दुसरी गाडी बघ."

त्यानं बघितली. वर टेकडीवरच्या वस्तीत हिल्डा नावाची एक म्हातारी राहते. तिचा नवरा आर्नल्ड, तोही सुतारच. आदल्या हिवाळ्यात गेला होता. त्याची पांढरी व्हॅन तशीच दारात उभी होती. जुनी, पण धडधाकट. प्रत्येक दाराला मनगटाएवढं जाड कुलूप.

किल्ली हातात ठेवताना हिल्डा एवढंच म्हणाली,

"हिच्यातून कधी खिळासुद्धा गेला नाही, पोरा."

रसेलला वाटलं, कुलपांचंच कौतुक करतेय.

पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट झाली. त्यानं उसनीपासनी आणलेली हत्यारं आत लावली, कुलपं घातली आणि घराकडे वळला. तेवढ्यात मागे करकर असा आवाज आला...

व्हॅन किंचित खाली दबली.

माणूस आत चढला की दबते, तशी.

त्यानं परत दार उघडून पाहिलं. आत हत्यारंच होती. जुन्या स्प्रिंगा, दुसरं काय, म्हणून त्यानं सोडून दिलं.

त्याच आठवड्यात टेरीची गाडी फुटली. ती रसेलच्या गाडीला नाक लावून उभी होती. टेरीची रिकामी झाली. रसेलच्या गाडीला ओरखडाही नाही.

"तुझ्या गाडीत काय वाघ बांधलाय का लेका?" टेरी वैतागून म्हणाला.

मग काही दिवसांनी आणखी एक संध्याकाळ आली. रसेल एका घरात दारं बसवत होता. काम आवरून तो बाहेर आला आणि जागच्या जागी थांबला.

व्हॅनचं बाजूचं दार वीतभर उघडं होतं.

खाली रस्त्यावर कटावणी पडली होती. आणि फुटपाथच्या कडेला एक धिप्पाड माणूस बसला होता. त्यानं खरं तर पळायला हवं होतं. पण तो आपलं मनगट चोळत बसला होता.

"तुझी गाडी?" त्यानं विचारलं.

"हो."

"मग त्या म्हाताऱ्याला आत कशाला कोंडून ठेवलंयस? एवढ्या थंडीत?"

रसेलनं दार सरकवलं.

आत कुणी नव्हतं. सगळी हत्यारं जागच्या जागी होती. फक्त आतला गारठा बाहेरच्यापेक्षा जास्त होता.

"कुठला म्हातारा?"

"हात धरला त्यानं माझा," तो माणूस म्हणाला. आवाज रडवेला झाला होता. "सोडतच नव्हता..."

आणि धडपडत उठून तो पळाला. कटावणी तिथेच टाकून.

त्या रात्री पबमध्ये रसेलनं ही गोष्ट रंगवून सांगितली. सगळे खो खो हसले. टेरी म्हणाला, "त्या म्हाताऱ्याला माझ्याकडेही पाठव की. बिअर पाजीन."

रसेल खुशीत होता. भूत असलं तर असू दे, आपल्या बाजूचं आहे ना! मग त्याला सवयच लागली. रोज कुलूप लावताना तो गमतीनं म्हणायचा, "चला, येतो. लक्ष असू द्या."

एकदा असंच म्हणून तो वळला.

आणि आतून पत्र्यावर कुणीतरी थाप मारली.

धप... धप.

गाडी निघू दे म्हणून कामगार मारतात ना, तशी. जा, काळजी नको.

रसेल मागे न बघता घरात गेला. मॅक्सीनला तो काही बोलला नाही.

तिथेच चुकलं.

पुढच्या रविवारी लेक आणि जावई जेवायला यायचे होते. ओव्हनमध्ये मटण होतं. ऐन वेळी पडद्याची दांडी निखळली. रसेलचे हात बटाटे सोलण्यात गुंतलेले.

"ड्रिल मीच आणते," मॅक्सीन म्हणाली. "तुझी वाट बघत बसले तर पाहुणे परत जातील."

ती गेली.

बटाटे उकळायला लागले. काचेबाहेर काळोख दाटला.

मॅक्सीन आली नाही.

रसेल हात पुसत बाहेर आला. व्हॅन दारासमोरच उभी होती. मागची दारं बंद. किल्ली बाहेरून कुलपात लटकत होती.

आणि आतून मॅक्सीनचा आवाज येत होता.

हळू आवाजात, अनोळखी कुत्र्याशी बोलावं तसं ती बोलत होती.

"मी त्याची बायको आहे हो... रसेलची... नाही, नाही, विचारा ना त्याला..."

रसेलनं किल्ली फिरवली. कुलूप उघडल्याचा खटका आला. पण दार हललं नाही. त्यानं पाय रोवून ओढलं. दार नव्हे, भिंत ओढतोय असं वाटलं.

"मॅक्सीन!"

"रसेल, यांना सांग." तिचा आवाज फार शांत होता. "ड्रिल मी तुला विचारून घेतलंय, असं सांग."

"कुणाला सांगू? कोण आहे आत?"

"सांग ना!"

त्यानं दारावर लाथ मारली. आत मॅक्सीन कळवळली. त्यानं दुसरी लाथ उगारली होती, ती तशीच खाली आली.

म्हणजे आपण दार फोडतोय, असं आतल्याला वाटतंय...

आपणच चोर!

त्यानं दोन्ही तळवे दारावर टेकले. पत्रा बर्फासारखा गार होता.

"आर्नल्ड," तो कसाबसा म्हणाला. "मी रसेल. आत माझी बायको आहे. माझं आहे ते सगळं तिचंच आहे. सोडा तिला... पाया पडतो, सोडा."

काहीच झालं नाही.

मग करकर आवाज झाला आणि व्हॅन हलकेच वर उचलली गेली. ओझं उतरल्यासारखी.

बोट लावताच दार उघडलं.

मॅक्सीन आत खाली बसली होती. मांडीवर ड्रिल. मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ.

"बटाटे लागले असतील खाली," ती म्हणाली.

आणि मग थरथरायला लागली. कितीतरी वेळ थांबेचना.

दुसऱ्या दिवशी रसेल तडक हिल्डाकडे गेला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. नवल वाटल्याचं दाखवलंसुद्धा नाही.

"तीनदा लुटलं होतं त्याला," ती म्हणाली. "मग तो घरात झोपेचना. गोधडी घेऊन गाडीतच झोपायचा. मी भांडले, रडले. शेवटी एका सकाळी हाक मारायला गेले तर..."

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर घेतली असतीस?"

रसेल उठला. दारापर्यंत गेला. तेव्हा ती मागून हलक्या आवाजात म्हणाली,

"पोरा... तो बरा आहे ना?"

रसेलनं बाहेर पडून दार ओढून घेतलं.

ती व्हॅन त्यानं विकली नाही. भंगारात नेली आणि समोर उभं राहून तिचा चेंदामेंदा होताना पाहिला. मग कर्ज काढून कोरी व्हॅन घेतली. दुकानातली, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदही न निघालेली. तिच्यात कुणी मेलं नव्हतं. कुणी बसलंही नव्हतं.

त्या हिवाळ्यात गल्लीतल्या चार गाड्या फुटल्या.

रसेलची नाही.

नशीब, म्हणत त्यानं मनाची समजूत घातली. मग गेल्या महिन्यात एका सकाळी तो कामाला निघाला. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या काचांवर बाहेरून दहिवर गोठलं होतं.

त्याच्या काचेवर ते आतूनही होतं...

गाडीत रात्रभर माणूस झोपला की त्याच्या श्वासाची वाफ काचेला धरते, तसं.

आणि त्या धुरकट काचेवर तळहाताएवढी जागा आतून पुसलेली होती. घराच्या दारावर नजर राहील, बरोबर अशा ठिकाणी.

मॅक्सीनला त्यानं हे अजून सांगितलेलं नाही. गाडीतलं काही आणायला मात्र तो तिला पाठवत नाही.

हे सगळं तो मला सांगत होता, तेव्हा ती नवी व्हॅन आमच्याच दारात उभी होती. मग तो हत्यारं गोळा करून निघून गेला.

काल केर काढताना जिन्याखाली त्याचा गुण्या, काटकोन तपासायचं ते सुतारी हत्यार, सापडला. विसरून राहिलेला.

मी त्याला फोन केलाय. तो म्हणाला, "राहू दे, येऊन नेईन."

राहू दे, असं तो मला म्हणाला. पण ते फोनवर. गाडीत कुणाला ऐकू गेलं असेल का?

मी त्या गुण्याला अजून हात लावलेला नाही.