पहिली ओंजळ

सूरज, तो वेफर्सचा पुडा आधी खाली ठेव. आणि श्रेया, खरं सांग, गडावर असलेच पुडे टाकून आलात ना? नाही म्हणू नकोस. मघाशी फोनमधले फोटो पाहिलेत मी. टाक्याच्या काठावर बसून तुम्ही दात काढताय, आणि मागं पाण्यात बाटल्या तरंगतायत. शिसारी आली मला. म्हातारा उगाच कावतोय असं वाटत असेल तर वाटू दे. आता बसा इथं ओट्यावर आणि त्याच टाक्याची गोष्ट ऐका. माझ्या ओळखीतल्या माणसावर बेतलेला प्रसंग आहे.

माणसाचं नाव बहिरू. तुमच्या बापाला विचारा, तो ओळखतो. बहिरूची मेंढरं दर सालाला आपल्या अवसरीच्या वावरात खतासाठी बसायची. पुढं चराऊ रानच उरलं नाही, तेव्हा त्यानं मेंढरं कमी केली, एक जुनी पिकअप घेतली आणि धामणगडाच्या पायथ्याला वाडीवर कायमचा राहिला. माणूस सरळ. आयुष्यात लबाडी केली ती एकदाच, आणि तीसुद्धा लेकीच्या पायी.

धामणगड तसा लहानच. घाटातून वर येणारा माल जुन्नरच्या पेठेत जायचा, त्या वाटेवर नजर ठेवायला बांधलेला. लढाई म्हणावी अशी तिथं झालीच नाही. वाडीतली म्हातारी सांगतात, वेढा पडला तो ऐन उन्हाळ्यात. वरची टाकी आटली, माचीवरचं तेवढं एक राहिलं. आतलाच एक पाणक्या फितूर झाला. त्यानं रात्री त्या टाक्यात सडलेलं रेडकू सोडलं आणि सकाळी तेच पाणी आपल्या हातानं सगळ्या शिबंदीला पाजलं. गड तलवारीनं पडला नाही पोरांनो, ओकून ओकून पडला. पाणक्या तेवढा धडधाकट राहिला, कारण तो प्यायलाच नव्हता.

तेव्हापासून वाडीची रीत आहे. त्या टाक्याचं पाणी जो भरेल, त्यानं पहिली ओंजळ स्वतः प्यायची. मग दुसऱ्याला द्यायचं. शेळीला पाजायचं असलं तरी आधी आपण.

तर, तीन सालामागची गोष्ट. वैशाख वद्य सप्तमी, गुरुवारची रात्र. शुक्रवारी बहिरूच्या प्रांजलचं लग्न. एकुलती एक लेक. लहानपणी तापात हातची जाणार होती, तेव्हा त्यानं बिरोबाला नवस बोलला होता. ही वाचू दे, हिला हळद लागल्यापासून पाण्याचा थेंब घेणार नाही, आणि माझ्या हातानं कन्यादान करीन. पोर वाचली. उपास मोडला तर कन्यादानाला मी बसणार नाही, असं त्यानं भावकीत मोठ्या तोऱ्यात सांगूनही ठेवलेलं. त्या एका घटकेसाठी तो इतकी वर्षं झिजला म्हणा ना.

संध्याकाळी हळद लागली आणि सांगून ठेवलेला टँकर काही आला नाही. फोन लागेना. सकाळी वऱ्हाड दारात येणार, आणि वाडीच्या विहिरीत नुसता गाळ. रात्रीची जेवणं उरकली तसा बहिरूनं पिकअपमध्ये मोठी टाकी चढवली, पेट्रोलवरचा पंप ठेवला.

"माचीवरनं भरून आणतो," तो बायकोला म्हणाला.

तुकाबाई मांडव सारवत होती. ती शेणाच्या हातानंच उठली. "आणा. पर पैली वंजळ कोन पिनार? तुमाला तर उपास हाय."

"एका येळेला काय व्हतंय?"

"आवो, कुनाला तरी संगं घिऊन जा की."

"समदी दमल्याती. आलोच मी."

हौशी लोकांच्या गाड्यांसाठी आता माचीपर्यंत कच्चा रस्ता झालाय. बहिरू वर पोचला, बॅटरी लावली आणि टाक्यात बघितलं. मी तुम्हाला नीट सांगतो, ऐकून घ्या. पाण्यावर हिरवी साय. तिच्यात दारूच्या बाटल्या, कोंबडीची हाडं, लहान पोराचं फुगलेलं लंगोट. काठाच्या दगडावर गुटख्याच्या पिचकाऱ्या, त्याही ताज्या. वास असा की बहिरू, ज्यानं जन्मभर मेंढरांच्या जखमेतल्या अळ्या हातानं काढल्या, तो नाकाला पंचा लावून दोन पावलं मागं सरला. त्याला कोरडी ओकारी आली.

तरी त्यानं काठीनं घाण बाजूला सारली आणि पाइप आत सोडला. तुरटी फिरवली की पावण्यांना काय कळतंय, असं मनाशी म्हणाला. उपास नसता तरी मी ते पिलो नसतो, हे त्यानं मला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. म्हणजे बघा. आपल्याला ज्याची ओकारी येते, ते दुसऱ्याच्या पोराबाळांना पाजायचं, आणि वर देवाच्या उपासाचं नाव पुढं करायचं. मला त्या घाणीपेक्षा ह्याची जास्त किळस येते.

पंप धडधडत होता. टाकी भरली. त्यानं पंप बंद केला.

एकदम सामसूम झाली.

तेवढ्यात टाक्याच्या पायऱ्यांवरून कुणीतरी विचारलं, "पानी कुनाला?"

बहिरूला वाटलं, माचीवर तंबू ठोकून राहणाऱ्या हौशी लोकांचा राखणदार असेल. पाइप गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "पावण्यांला. लेकीचं लगीन हाय उद्या."

"मंग पी की आदी."

"मला उपास हाय, भाऊ."

बहिरूनं बॅटरी तिकडं मारली. पायऱ्या रिकाम्या. ओल्या. खालून वरपर्यंत ओल्या...

मग आवाज आला. या खेपेला अगदी कानाशी.

"त्या पाणक्यालाबी... उपासच व्हता."

बॅटरी हातातून पडली.

अंधारात कुणीतरी ओकलं. पोटातून. आतडी पिळवटून. मग तटाकडं दुसरा. मग दरवाज्याकडं. मग चहूकडून... माचीभर. ओकताहेत, कण्हताहेत, पुन्हा ओकताहेत. आणि तो वास. टाक्याचा नव्हे. रेडकाचा... सडलेला, गोड, घशात चिकटणारा.

दिसत कुणीच नव्हतं.

बहिरूनं पिकअप चालू केली ती थेट वाडीत आणून थांबवली. टाकी भरलेलीच. ती ओतून द्यायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही. की आलं होतं, पण जीव झाला नाही, ते बिरोबाला ठाऊक. घरात शिरून तो भिंतीला टेकला.

बाहेर टाकीची तोटी वाजली.

तो दारात आला. मांडवातल्या बल्बखाली प्रांजल उभी. अंगाला हळद. हातात तांब्या, पिकअपच्या टाकीतनं भरलेला.

"आलासा व्हय आप्पा? लई तहान लागली. घरात थेंब न्हाई."

पाणी वरून नितळ दिसत होतं. तिनं तांब्या तोंडाकडं नेला...

आणि गडावर कुणीतरी ओकलं.

तिला ऐकू गेलं नाही. कुणालाच नाही. फक्त त्याला.

बहिरू धावला. त्यानं तांब्या हिसकावला. तुकाबाई ओरडली, "आवो, उपास!" तो पोरीकडं बघत राहिला, घटकाभर. मग तांब्या वर केला आणि प्यायला. घोट घोट. पाणी दाट होतं. घशातून खाली जाताना काहीतरी मऊ लागलं... केसाळ. दातात अडकलं. त्यानं तेही गिळलं. तांब्या पालथा केला. मग टाकीची तोटी सोडली आणि सगळं पाणी उकिरड्याकडं वाहू दिलं.

गडावरचा आवाज थांबला.

सकाळी वाडीतल्या बायांनी आपापल्या घरातल्या पिण्याच्या पाण्याचे हंडे आणून दिले. लंकाबाईनं तर नातवाच्या अंघोळीचंही दिलं. वऱ्हाडाला काही कमी पडलं नाही. कन्यादानाला मात्र बहिरूचा भाऊ चिमाजी बसला. मंगलाष्टकं चालली होती तेव्हा बाप घरामागं उकिरड्यापाशी ओणवा होता, ओकत होता. ऐकू सगळं येत होतं त्याला. बाहेर येता येत नव्हतं. हे सांगताना तो माझ्यासमोर ढसाढसा रडला. मला त्याचा राग होता पोरांनो, पण त्या घटकेला माझेही डोळे भरले.

मी म्हटलं, झालं ना मग, सुटलास. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

त्या पहाटे वऱ्हाड यायच्या आधी तुकाबाई पंगतीची जागा झाडायला मांडवात गेली आणि तिनं त्याला हाक मारली. रात्री सारवलेली जमीन अजून ओलसर होती. तिच्यावर माणसं मांडी घालून बसल्याच्या खुणा उमटल्या होत्या. समोरासमोर, दोन ओळी. पंगत बसावी तशा. आणि प्रत्येक खुणेपुढं ओकारी. हिरवी. ताजी... वाफ निघत होती.

फक्त एका खुणेपुढं काही नव्हतं. तिथली जमीन कोरडी ठणठणीत होती.

तुकाबाईनं सगळ्यावर माती ओढली, वरून शेण फिरवलं, आणि दुपारी त्याच जागेवर वऱ्हाड जेवलं. पण ती कोरडी खूण काही बुजली नाही. बहिरूनं माझा हात धरला.

"पावणं, मी तर पिलो व्हतो ना... मंग आमच्या मांडवात त्यो न पिलेला कोन बसला व्हता?"