पाच नटांवरची रेघ

आप्पांच्या गॅरेजात एक नियम होता. चाकाचे नट ज्याने आवळले त्याने प्रत्येक नटावर आपल्या रंगाची बारीक रेघ ओढायची, नटावरून थेट बोल्टच्या टोकापर्यंत. नट केसभर जरी सैल झाला तरी रेघ मोडते आणि लांबून दिसते. आप्पांचा रंग पिवळा, ताईचा पांढरा, धाकट्याचा निळा. दादाला रंगच नव्हता, कारण दादा गाडी चालवायचा, आणि चालवणाऱ्याने चाकाला हात लावायचा नाही, हाही आप्पांचाच नियम. "रेघ मारली म्हणजे शब्द दिला," असं ते म्हणायचे.

लाल रंग काकाचा. काका म्हणजे आप्पांचा भाऊ. घरातली पहिली शर्यतीची गाडी त्याने भंगारातून उभी केली, लागोपाठ तीन कप आणले आणि चौथ्या वर्षी तिसऱ्या वळणावर तो गेला. तेव्हा दादा पाळण्यात होता. काकाचा लाल रंगाचा डबा सर्वात वरच्या फळीवर होता, आतला रंग वाळून दगड झालेला. तो कुणी हलवायचा नाही. असे नियम त्या घरात रगड होते. आठवडाभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या, रविवारी शर्यत, आणि सोमवारी सगळ्यांची पाठदुखी. पण मजा होती. दादा होता तोवर होती.

सहा वर्षांपूर्वी सातव्या फेरीला, त्याच तिसऱ्या वळणावर, दादाच्या गाडीचं डावं पुढचं चाक निघालं. बोल्ट तुटले नव्हते. आटे अगदी धड होते. म्हणजे नट फिरत फिरत सुटले होते, आणि प्रत्येक नटावर निळी रेघ होती.

"मी आवळले होते, ताई," धाकटा म्हणाला. त्या आठवड्यात रोज आणखी एका नटावर लाल रेघ दिसत होती, असंही त्याने सांगितलं. ताईला ती पळवाट वाटली. आप्पांनी पाचही नट गोळा केले, थिनरमध्ये बुडवले, चिंधीने लख्ख पुसले, आणि तपासाला आलेल्या माणसाला म्हणाले, गाडी जुनी होती. एक मुलगा गेला, दुसरा वाचवला. ताईला ते कळलं, आणि तिने दोघांनाही माफ केलं नाही. त्या दिवसापासून ती धाकट्याशी फेऱ्यांच्या वेळा सांगण्यापुरतंच बोलायची. बाकी बहीणभावाचं बोलणं म्हणाल तर बंदच.

यंदा दादाच्या नावाची शर्यत ठेवली होती, आणि दादाची गाडी पुन्हा बांधून चालवणार होता धाकटा. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला त्या वळणावर एकदा तरी दादाची भीती कळावी, एवढीच तिची इच्छा होती. कधी कधी एवढीच नव्हती.

सोमवारी सकाळी डाव्या पुढच्या चाकाच्या एका नटावर लाल रेघ होती. ओली. धाकट्याने ती पुसली आणि ताईकडे पाहिलं. ताईला वाटलं, हा स्वतःच ओढतोय, जुनं खोटं खरं करायला. मंगळवारी दोन रेघा. बुधवारी तीन. तिने स्टूल घेऊन वरच्या फळीवरचा डबा पाहिला. झाकणावर बोटभर धूळ तशीच होती. झाकण उघडायला छिन्नी लागली, आणि आत दगडच होता. ती खाली उतरली तेव्हा डबा पाहिल्याचं कुणाला सांगावंसं तिला वाटलं नाही.

शुक्रवारी पाच झाल्या.

शर्यतीच्या दुपारी धाकटा हेल्मेट हातात धरून तिच्यापुढे उभा राहिला. "ताई, डावं चाक तू आवळ. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही."

तिने आवळलं. सूड घ्यायचा होता, पण कामाशी बेइमानी तिला जमणारी नव्हती. पाना प्रत्येक नटावर खट्ट वाजेपर्यंत ओढला, पुन्हा एकदा ओढून पाहिला आणि पाच पांढऱ्या रेघा मारल्या. आप्पा शेजारी उभे राहून बघत होते.

ताई कठड्यापाशी स्टॉपवॉच घेऊन उभी राहिली. पायाशी पाटी होती. ती उचलली की गाडीने आत यायचं. पहिली फेरी एक मिनिट बारा सेकंद चार दशांश. दुसरी एक अकरा नऊ. आकडे ओळखीचे वाटले म्हणून तिने वहीची मागची पानं उलटली. दादाच्या शेवटच्या शर्यतीचं पान.

एक बारा चार. एक अकरा नऊ.

तिसरी फेरी तीच. चौथी तीच. दशांशासकट. पाचवीला तिने आकडा आधी वाचला आणि मग घड्याळ थांबवलं.

सहावी फेरी संपत आली. गाडी समोरून येत होती. पाटी उचलायला चार सेकंद होते, आणि चार सेकंद पुष्कळ असतात.

तिला दादाचा चेहरा आठवला. तिने पाटी उचलली नाही.

गाडी समोरून गेली. धाकट्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

मग तिसऱ्या वळणावरून तोच आवाज आला.

संध्याकाळी गॅरेजात आप्पा खाली बसले होते. पुढ्यात थिनरची वाटी आणि पाच नट. पाचांवर पांढऱ्या रेघा. आटे धड. ते एकेक नट उचलून पुसत होते.

"आप्पा," ताई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मी आवळले होते."

बोलल्यावर तिला कळलं, हे शब्द कुणाचे होते.

"माहीत आहे," आप्पा म्हणाले. "त्यानेही आवळले होते." त्यांनी दुसरा नट उचलला. "काका आपलं चाक आपणच आवळायचा. एकदाच माझ्यावर सोडलं. सैल ठेवले ते फक्त मी."

ताईला रडता आलं नाही. सहा वर्षं तिने चुकीच्या माणसाशी वैर धरलं होतं, आणि आज ते फेडलंही होतं. आप्पांच्या हातातली चिंधी तिला दिसली. पांढरा रंग पुसला जात होता, आणि चिंधी लाल होत होती.

ती बाहेर आली. घरी जायला व्हॅन उभी होती. ती आता तिलाच चालवायची होती, चालवणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. दार उघडण्याआधी सवयीने तिने खाली वाकून चाक पाहिलं.

डावं पुढचं. पाच नट. चार कोरे होते.