स्वच्छ डोळे

म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासणं म्हणजे निम्मं काम चिपडं पुसण्याचं असतं. शिकवताना हे कोणी सांगत नाही. पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखी खपली धरते, कोपऱ्यात पिवळा डिंक साचतो आणि पापणी उलटली की आतून आंबूस वास येतो. मला त्याचं काही वाटत नाही. त्यावरच पोट भरतंय, तर नाक मुरडून कसं चालेल? किळस मला एकाच गोष्टीची येते, दुसऱ्याच्या थुंकीची. वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या पेल्यातलं पाणी मी कधी प्यायले नाही. तो म्हणायचा, "लग्न केलंस ते तरी हातमोजे घालून केलंस का?"

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या त्या निवासात मी जायचे ते एका संशोधनासाठी. आमच्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं साधं होतं. या लोकांचा निम्मा गोंधळ मेंदूचा नसतो, नजरेचा असतो. खुंटीवरचा कोट त्यांना चोर वाटतो. दारातलं काळं पायपुसणं खड्डा वाटतं, म्हणून म्हातारा उंबऱ्याशी हटून बसतो आणि आपण म्हणतो, याचं डोकं फिरलंय. पांढऱ्या ताटलीतलं पांढरं जेवण दिसतच नाही, म्हणून उपाशी राहतो. चष्मा बरोबर द्या, मोतीबिंदू काढा, ताटल्या लाल करा, आणि माणूस किती ताळ्यावर येतो ते पाहा. नजर मी मोजायची, स्मरण दुसऱ्या कोणी तपासायचं, आणि शेवटी दोन्ही आकडे शेजारी मांडायचे.

माझे बाबाही तिथेच होते. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्यांचा जन्म गेला. आता अक्षरं विसरले होते, पण मी दिसले की लांबूनच "ठमे, आलीस का गं?" अशी हाक यायची. ती हाक ऐकली की माझा दिवस गोड व्हायचा.

आई गेली तेव्हा मी रांगत होते. तिचा एकही फोटो घरात नाही. बाबांनी कधी काढलाच नाही. मोठी झाल्यावर मी खोदून खोदून विचारायचे, कशी होती, माझ्यासारखी होती का? ते ब्रश धुवायला घ्यायचे. फार पिच्छा पुरवला की म्हणायचे, "मला दिसते ना, बस झालं." मला कधी दिसणार, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. किंवा आलंही असेल.

पहिल्या तपासणीत सगळं नेहमीसारखं होतं, म्हणजे ओंगळ. काही महिन्यांनी दुसरी फेरी सुरू केली आणि मी चमकले. बाबा ज्या दालनात होते, तिथल्या सगळ्यांचे डोळे लख्ख होते. खपली नाही, चिकटा नाही, पापणीचा केस न् केस सुटा.

"तुमच्या आयांनी कमाल केली," मी मेट्रनबाईंना म्हटलं.

त्या हसल्या. "त्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही. आम्हाला वाटलं, तुम्हीच काही थेंब दिलेत."

मी थेंब दिले नव्हते. भिंगाखाली बघितलं तर बुबुळावर अश्रूंचा जो पातळ पडदा असतो तो इथे जाडसर होता, बारीक बुडबुड्यांचा. पापणी ओढली तेव्हा हातमोजा आणि पापणी यांच्यामध्ये एक तार ताणली गेली. ती तुटली नाही, लोंबत राहिली. मी बोट नाकाशी नेलं. झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा वास होता. मी हातमोजे फेकले, हात धुतले, पुन्हा धुतले.

आणि नजर सुधारली होती. सगळ्यांचीच. डॉक्टरीणबाई फोनवर खूश झाल्या. पण निवृत्त पोस्टमनकाकांची तपासणी चालू होती तेव्हा त्यांची बायको खोलीत आली. काकांनी नुकतीच तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ घडाघडा वाचून दाखवली होती. मी सहज विचारलं, "काका, कोण आलंय?"

त्यांनी नीट पाहिलं. "हिरवा स्वेटर. खालचं बटण दुसऱ्या रंगाचं. हनुवटीवर तीळ, तिळाला केस."

"हो, पण कोण?"

"ते नाही सांगता येणार," ते अगदी सभ्यपणे म्हणाले.

काकू हातातला डबा धरून तशाच उभ्या राहिल्या. मागच्या महिन्यापर्यंत त्यांना दिसत नव्हतं, पण पावलांवरून ते बायकोला ओळखत होते. त्या म्हणाल्या, "बाई, आधीचं आंधळेपण बरं होतं हो."

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी पिशवी आवरून बाबांचा निरोप घ्यायला मोठ्या हॉलमध्ये गेले. भर दुपार होती. उंच खिडक्यांमधून ऊन आत पडलं होतं. आवाज बंद केलेला टीव्ही चालू होता. प्लास्टिकच्या खुर्च्या भिंतीला लावून मांडलेल्या, आणि त्यांवर बसलेल्या सगळ्यांनी माना वर केलेल्या होत्या. घरट्यातली पिलं चोची वासून बसतात तशी. फक्त उघडं तोंड नव्हतं. प्रत्येकाने दोन बोटांनी आपली पापणी ताणून धरली होती.

भिंतीला हात लावत, खुर्चीमागून खुर्ची, एक म्हातारी पुढे सरकत होती. तिला तिथे सगळे गोगलगाय म्हणत, इतकी ती सावकाश चालायची. ती पूर्ण आंधळी होती. दोन्ही डोळे आकसून खोबणीत गेलेले, म्हणून आमच्या संशोधनात तिचं नावही नव्हतं. तिने पोस्टमनकाकांचा चेहरा तळव्यांत धरला, वाकली, आणि जीभ बाहेर काढून त्यांच्या उघड्या डोळ्यावरून फिरवली. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे. मांजर बशीतलं दूध पितं तसा आवाज आला. मग दुसरा डोळा. मग तिने तोंड मिटलं आणि काहीतरी गिळलं.

मी दाराची चौकट धरली. पुढच्या खुर्चीत बाबा होते.

मी ओरडले असेन, कारण दोन आया धावत आल्या. तोवर तिचं झालं होतं. बाबांच्या गालावरून लाळेचा ओघळ हनुवटीपर्यंत आला होता आणि ते प्रसन्न दिसत होते, नुकतंच तोंड धुतलेल्या पोरासारखे. म्हातारीने ओले ओठ पुसले आणि माझ्या दिशेने तोंड वळवलं.

"ठमे," ती म्हणाली, "तुझ्या आईच्या कानाला निळा रंग लागलाय गं."

मेट्रनबाईंनी मला खोलीत नेऊन पाणी दिलं. त्या शरमल्या होत्या, पण घाबरल्या नव्हत्या. "लाकडाच्या वखारीबाहेर बसायची म्हणे ती पूर्वी. कामगारांच्या डोळ्यांत भुसा गेला की जिभेने काढून द्यायची. हात हलका नसतो, जीभ हलकी असते म्हणायची. शी! म्हातारपणी जुनी सवय उफाळली, दुसरं काय. आजपासून तिला तिच्या खोलीतच ठेवते. गोगलगाय नि पोटात पाय, म्हणतात ते काही खोटं नाही."

मलाही हे पटलं. ठमी हे नाव तिने बाबांच्या तोंडून ऐकलं असणार. पाट्या रंगवणाऱ्याच्या बायकोच्या अंगाला रंग लागतोच, त्यात काय. तरी घरी जाऊन मी मावशीला फोन केला. आईची ती धाकटी बहीण, आता एकटीच उरलेली; आईचा फोटो तिच्याकडेही नव्हता. मी इकडचं तिकडचं बोलून विचारलं, आईच्या कानाला कधी रंग लागला होता का?

मावशीने आधी मलाच विचारलं.

"तुला कोणी सांगितलं? गेली त्या दिवशी सकाळी तुझ्या बाबांनी शिडीवरून चेष्टेत ब्रश लावला होता तिच्या कानाला. संध्याकाळी तिला शेवटची आंघोळ मी घातली. रंग निघेना. मग म्हटलं, राहू दे. हे त्यांना नि मलाच ठाऊक."

दुसऱ्या दिवशी मी बाबांना विचारलं, "बाबा, आईच्या कानाला रंग कसा लागला?"

इतकी वर्षं हा विषय निघाला की ते मान फिरवायचे. आता त्यांनी मान फिरवली नाही. स्वच्छ, ओलसर डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले.

"कोणाची आई?" ते म्हणाले.

मी त्यांना घरी आणायला हवं होतं. नवराही तेच म्हणाला, "उद्याच आणू." मी हो म्हटलं. पण माझ्या डोक्यात दुसरंच घुमत होतं. जे बाबांकडून गेलं, ते नाहीसं झालं नव्हतं. ते त्या घाणेरड्या म्हातारीच्या पोटात होतं.

दुपारी मी तिच्या खोलीचा दरवाजा उघडला. आत एक पलंग, एक खुर्ची, पाण्याचा तांब्या. खोलीभर तोच वास होता. ती पलंगावर पाय सोडून बसली होती, आणि तिची जीभ थोडी बाहेर होती. जाड, फिकट गुलाबी, मधोमध चिरलेली.

"बस, ठमे."

मी बसले नाही. "माझी आई कशी दिसते?" मी विचारलं. दिसायची, असं म्हणायला हवं होतं.

"उन्हात उभी आहे. वर बघून हसतेय. डोळे बारीक केलेत."

"चेहरा कसा आहे? नाक? कोणासारखी आहे?"

"सांगून काय दिसतं?" ती म्हणाली. "दिसायला डोळा लागतो. ये इकडे."

मी निघून जायला हवं होतं. खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज झाला तेव्हा मला कळलं, ती मीच ओढली होती.

तिचे तळवे माझ्या गालांवर आले. गार आणि दमट. तिचा श्वास माझ्या नाकात शिरला. आंबलेला, कोमट.

मी हजारो लोकांच्या पापण्या उघडून धरल्या आहेत. तशीच मी माझी धरली. दोन बोटांनी.

जीभ आधी गरम लागली. मग खरखरीत. मग जड.

ती बुबुळावर टेकली आणि थांबली.

आणि मला ऊन दिसलं.

वरून खाली दिसत होतं, शिडीवरून. खाली एक मुलगी उभी होती, माझ्या निम्म्या वयाची. कानाची पाळी निळी. ती डोळे बारीक करून हसत होती. पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले, माझे चढलेत तसे. तिने एक हात कपाळावर आडवा धरला आणि काहीतरी म्हणाली. मला ऐकू आलं नाही. फक्त ओठ हलताना दिसले.

म्हातारीने दुसरा डोळाही केला. मी तोही पुढे केला होता. मग तिने तोंड मिटलं, आणि काहीतरी गिळलं.

बाहेर येऊन मी बेसिनमध्ये ओकले. डोळ्यांत लाळ तशीच होती, चिकट. मी ती धुतली नाही. धुतली तर आई जाईल अशी भीती वाटली.

मग मी बाबांना भेटायला हॉलमध्ये गेले. सगळ्या खुर्च्यांवर म्हातारे बसले होते. मी एकेकाकडे बघत पुढे गेले, परत आले, पुन्हा पुढे गेले. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. सुरकुत्या, भुवयांचे वाकडे केस, दाढी करताना कापल्याच्या खुणा. त्यांतले माझे बाबा कोणते, ते मला सांगता येत नव्हतं.

"ठमे, आलीस का गं?" एकजण म्हणाला. मी त्याच्याजवळ गेले. तोंडं सगळ्यांना असतात तसं तोंड होतं. मी त्याला नमस्कार केला.

माझ्या मेंदूचे सगळे फोटो काढून झाले. काही निघालं नाही. नवऱ्याला मी ओळखते, मावशीला ओळखते, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला ओळखते. बाबांना घरी आणायचा विषय मी टाळते. घरात अनोळखी पुरुष वावरला तर मला झोप लागणार नाही, हे नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगू? डोळे मिटले की आई दिसते, हवी तेव्हा, आणि ती दिसली की तो आंबूस वास येतो. त्याचीही आता सवय झाली आहे. त्या दिवसानंतर बाबांचं बोलणं हळूहळू बंद झालं. मेट्रनबाई म्हणतात, आजार पुढे सरकला की असंच होतं.

तिथे कपडे धुवायला एकत्र जातात, म्हणून प्रत्येकाच्या शर्टाच्या खिशावर नाव शिवलेलं असतं. मी हॉलमध्ये शिरले की आधी खिसे वाचते.

मागच्या भेटीत मी बाबांचा हात हातात घेऊन दुपारभर बसले. त्यांची नखं कापली, केस विंचरले, आईबद्दल पुष्कळ बोलले. ते काही बोलले नाहीत. समोरच्या कोपऱ्यातला कोणी एक म्हातारा सगळा वेळ माझ्याकडे बघून हात हलवत होता. निघताना मीही हसून त्याला हात केला.

दुसऱ्या दिवशी मेट्रनबाईंचा फोन आला. धुलाईत शर्टांची अदलाबदल झाली होती.